आनंदवनची सतरंजी : पंधरा लग्नसराया वापरून झाल्यावर

आमचं हिंगणघाटला बिछायत केंद्र आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, १९९८ पासून मी पाहतो. मंडप, कनात, गाद्या, लोड, खुर्च्या, पंगतीची भांडी, सगळं भाड्यानं देतो. हल्ली गिऱ्हाईक आधी फुलांच्या कमानीचे फोटो दाखवतं. सतरंजीचा विषय अगदी शेवटी निघतो, तोही 'खाली टाकायच्या किती लागतील' एवढ्यापुरता. पण तेरवी असो, भजन असो, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असो की ग्रामसभा, माणसं बसतात ती सतरंजीवरच. माझ्या गोदामात आज शंभरावर सतरंज्या आहेत. त्यातल्या बारा मी २०१० साली वरोऱ्याच्या आनंदवनातून, म्हणजे बाबा आमटेंनी कुष्ठरोग्यांसाठी उभ्या केलेल्या वसाहतीतून आणल्या. या बारांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

कोणी विचारलं की या कुठून आणल्या, आणि मी आनंदवन म्हटलं, की समोरचा लगेच म्हणतो, 'वा, पुण्याचं काम केलं.' मला ते ऐकून बरं वाटत नाही. मी पुण्य कमवायला गेलो नव्हतो. धंद्याला माल हवा होता, पारखून घेतला, पैसे मोजले, पावती घेतली. ज्यांनी ही सतरंजी विणली त्यांचा मान ठेवायचा असेल तर कुठल्याही चांगल्या विणकराचा माल जसा उलटापालटा करून पाहतो तसाच हाही पाहावा, असं माझं मत आहे. म्हणून आधी मालाचं बोलतो.

या बारा आणल्या त्याच्या आदल्या वर्षी मी एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून वीस सतरंज्या घेतल्या होत्या. नाव लिहीत नाही. दिसायला झकास, हाताला जड. जड म्हणजे दमदार, असं समजून मी फसलो. पहिल्याच धुण्यात खळ निघून गेली आणि सतरंजी गोणपाटासारखी विरळ झाली. त्याच उन्हाळ्यात एका लग्नात अवकाळी पाऊस आला, मंडप गळला, आणि नवरीच्या मामाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर लाल पट्टे उमटले. मामा सज्जन होते, एक शब्द बोलले नाहीत. मी बिछायतीचं भाडं घेतलं नाही, पण त्या धोतराकडे बघताना जी लाज वाटली ती अजून लक्षात आहे.

तेव्हापासून सतरंजी घेताना मी घाई करत नाही. आधी उलटी करतो. चांगल्या सतरंजीला सुलटं-उलटं नसतं, पट्टा दोन्हीकडून सारखा दिसतो. मग अंगठा थुंकीनं ओला करून गडद रंगावर जोरात घासतो. मग दोन बोटांत बाणा, म्हणजे आडवं सूत, धरून सरकवून पाहतो. ठोकून विणलेली असेल तर सूत जागचं हलत नाही, ढिली असेल तर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे डोळ्यांना दिसू लागतात. मग नाकाला लावतो, खळीचा आंबूस वास येतो का ते बघायला. शेवटी घडी घालून काठाला काठ भिडतो का ते पाहतो. एका टोकाला चार बोटं जास्त निघाली तर मागावर ताण सारखा नव्हता, आणि अशी सतरंजी जमिनीवर कधीच सपाट बसत नाही. कोपरे वर येतात, म्हातारी माणसं अडखळतात.

हे सगळं मी आनंदवनच्या विक्री केंद्रात केलं. तिथल्या गृहस्थांच्या हाताची बोटं आखूड झालेली होती. मी अंगठा ओला केला तेव्हा त्यांनी स्वतःच सतरंजीचा तांबडा पट्टा माझ्यासमोर सरकवला. म्हणाले, 'निळा कायले घासता? तांबडा घासा, रंग गेला तर यातच जाईल.' मला तिथंच माल पटला. अंगठा कोराच राहिला.

माझ्याकडच्या सतरंज्या नऊ बाय बारा फुटांच्या आहेत. निळा, पांढरा आणि मधूनमधून तांबड्या मातीच्या रंगाचा पट्टा. सूत जाड, पीळ घट्ट. दोन्ही टोकांच्या दशा मोकळ्या न सोडता चार-चार धाग्यांच्या गाठी मारलेल्या. या गाठींचं महत्त्व घरी एक सतरंजी वापरणाऱ्याला कळणार नाही. आमच्याकडे टेम्पोत चढवताना-उतरवताना पोरं सतरंजी टोकाला धरूनच ओढतात. गाठ नसेल तर दोन सिझनमध्ये टोक उसवायला लागतं. माझ्या बारांपैकी एकीचीही दशा आजवर उसवलेली नाही.

वर्षाला तीसेक वेळा तरी प्रत्येक सतरंजी बाहेर पडते. वांग्याच्या भाजीची तर्री, वरण, हळद, पानाची पिंक, लहान पोरांचं सगळं काही, पायाला लागून आलेली काळी माती, हे सगळं तिनं सोसलं. पंधरा वर्षांत दोन कामातून गेल्या. एक उंदरांनी खाल्ली, त्यात दोष माझ्या गोदामाचा. दुसरी मधोमध झिजली, ती आता दोन तुकडे करून गाद्यांच्या खाली टाकतो. दहा अजून चालतात. एकीला सत्यनारायणाच्या होमाची ठिणगी पडून रुपयाएवढं भोक पडलं होतं. मी आज मुद्दाम ती काढून पाहिली. भोकाच्या कडेचे धागे जळून काळे पडलेत, पण वीण तिथंच थांबली आहे. इतक्या वर्षांत भोक बोटभरही वाढलेलं नाही. बायकोनं पांढऱ्या दोऱ्यानं आडवे-उभे टाके घालून ते भरलं. आता माहीत असलेल्यालाच ते सापडतं. निळा उन्हानं फिका झाला आहे, आभाळी म्हणावा असा. तांबडा होता तसा आहे.

घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. अशी जाड सुती सतरंजी, मग ती कुठलीही असो, ओली झाली की दोन माणसांनी उचलायची वस्तू आहे. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एवढी मोठी घेऊ नये, बाल्कनीत वाळत नाही. त्यांनी तिथल्या चादरी आणि टॉवेल पाहावेत. आमच्या घरी आनंदवनचे टॉवेल आहेत, चांगले पाणी शोषतात, याहून त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता भाव. बाजारातल्या मिलच्या सतरंजीपेक्षा मला ती महाग पडली. घासाघीस करायची मला सवय आहे, तिथंही मी केली. त्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, 'सुताचा भाव हा, मजुरी ही. यात कमी करायचं तर कुणाच्या मजुरीतून करू?' हे ते चिडून म्हणाले नव्हते. हिशेब सांगितला. मी पैसे मोजले.

हा हिशेब कुठून आला ते मला थोडं आधीपासून माहीत होतं. ते सांगायचं तर आबांपासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या आजीचं माहेर वरोऱ्याचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, पन्नासच्या दशकात सासुरवाडीला जायचे तेव्हा आनंदवन नवीन होतं. बाबा आमटे मूळचे आमच्याच हिंगणघाटचे, २६ डिसेंबर १९१४ चा जन्म इथलाच. मालगुजाराच्या घरातला मोठा मुलगा, वकील. तरुणपणी त्यांच्याकडे स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या सीटला बिबट्याचं कातडं लावलेलं होतं, ही गोष्ट आबा फार रंगवून सांगायचे, कारण कोण कशावर बसतं याकडे आमच्या घराचं आधी लक्ष जातं. त्याच माणसानं पुढं वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं दुःख समजून घ्यायला डोक्यावरून मैल्याची टोपली वाहिली. आबांना ते काही पचलं नव्हतं. आणि मग १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोऱ्याजवळच्या दगडधोंड्यांच्या, साप-विंचवांच्या माळावर बाबा आणि साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची रीतसर सुरुवात झाली.

त्या माळावर त्यांनी विहीर खणली, भाजी काढली आणि बाजारात आणली. आबा हे सांगताना खाली बघायचे. 'कोणी घेतच नव्हतं बापा. भाजी चांगली होती, हिरवीगार. पण त्यायचा हात लागला असन ना. मी बी नाही घेतली.' पुढं सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संस्थेचे परदेशी तरुण-तरुणी तिथं येऊन राहिले, रोग्यांबरोबर जेवले, दगडमाती वाहून इमारती बांधल्या, तेव्हा गावाची भीती कमी व्हायला लागली. आबांची झाली नाही. आमच्या घरात आनंदवनची वस्तू आणायची नाही, हा नियम माझ्या लहानपणापर्यंत होता, कुणी कधी मोठ्यानं न सांगता.

१९९१ च्या मे महिन्यात मी १९ वर्षांचा होतो. कॉलेजातले दोघं सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला निघाले होते, त्यांच्यासोबत गेलो. मूल तालुक्यात जंगलात आनंदवनचाच हा प्रकल्प आहे, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांनी उभी केलेली शेती. १५ ते २२ मे अशी दरवर्षी छावणी असते. आबांना मी मित्राच्या गावी जातो असं सांगितलं. बाबा त्या वेळी तिथं नव्हते, ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले होते. त्यामुळं मी त्यांना जवळून कधी पाहिलं नाही. पाहिलं ते त्यांनी उभं केलेलं.

पहाटे उठून कुदळ-फावडं घेऊन माती खणायची. मे महिन्यातला चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना मी काही सांगायला नको. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले. माझ्या शेजारी एक काका होते, दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंत झडलेली. ते कुदळीचा दांडा तळहातांच्या खोबणीत धरून माझ्या दुप्पट माती काढत होते. मधे थांबून ते आपलेच हात उलटेसुलटे करून बघायचे. मला वाटलं दुखत असतील. संध्याकाळी कळलं की दुखतच नाही, हीच तर अडचण. या रोगात मज्जातंतू मरतात, हाताला काही कळेनासं होतं. चूल, काच, काटा, फोड, काहीच समजत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं. म्हणून ते डोळ्यांनी तपासत होते. जिथं आपण स्पर्शावर विसंबतो तिथं त्यांना दर वेळी बघावं लागतं.

त्याच रात्री जेवणाच्या पंगतीत एक बाई भाकरी वाढत होत्या. त्यांचे हात तसेच. माझ्या ताटात भाकरी पडली आणि माझा हात थांबला. बाईंनी ते पाहिलं. काही म्हटलं नाही, पुढच्या ताटाकडे गेल्या. मी भाकरी खाल्ली, पण त्या थांबलेल्या हाताचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या धंद्यात पंगत बसवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. वाढणाऱ्याकडे मान वर करून बघायचं असतं, एवढं मला यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी छावणीत तुळशीरामची गोष्ट ऐकली. भर पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटं नसलेला, जखमांत किडे झालेला माणूस पाहून बाबा घाबरून घरी पळून आले होते. कशालाही न भिणारा म्हणून गांधीजींनी ज्याला अभय साधक म्हटलं तो माणूस. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली, ते परत गेले आणि तुळशीराम मरेपर्यंत त्याची सेवा केली. ही गोष्ट आपल्याकडे दया कशी जागी झाली म्हणून सांगतात. मला ती तशी कधीच वाटली नाही. त्या माणसाला आपल्यातली भीती खपली नाही, आणि ती मोडायला तो सगळं आयुष्य द्यायला तयार झाला. कलकत्त्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेतलं. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात रोगजंतू टोचून घेतले. मग पुढचा विचार असा केला की रोग बरा झाला तरी माणूस बरा होत नाही, हात पसरायची सवय लागली तर तो कायमचा गेला. म्हणून आनंदवनात भीक नाही, काम. शेती, दूध, लोहारकाम, सुतारकाम, माग. माझ्याशी कुणाच्या मजुरीतून कमी करू म्हणून बोलले ते गृहस्थ याच विचारातून बोलत होते.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाच्या मनातून जात नाही. पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं बाबांना पुढं कितीतरी वर्षं बसताच येत नव्हतं. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. १९८५ ला कन्याकुमारीहून निघालेली भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली. बसायची सोय विकणारा मी, आणि बसणंच नशिबी नसलेला तो माणूस. ९ फेब्रुवारी २००८ ला ते गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना आनंदवनच्याच मातीत पुरलं. त्यानंतर दोन वर्षांनी मी सतरंज्या आणायला गेलो तेव्हा आधी तिथं जाऊन उभा राहिलो.

मागही पाहिला. एक बाई विणत होत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट शिल्लक, डावा पंजा आत वळलेला. त्या धोटा फेकायच्या, फणी तळहाताच्या टाचेनं ओढायच्या आणि दर चार-पाच फेऱ्यांनंतर थांबून विणलेल्या कापडावर डोळे अगदी जवळ नेऊन बघायच्या. सोमनाथच्या काकांचं हात तपासणं मला आठवलं. माझ्या सतरंज्यांची वीण इतकी सारखी का आहे याचं कारण मला तिथं मिळालं असं वाटतं. हाताला कळत नाही म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं काम आहे ते. तिथल्या मागांवर कुष्ठरोगातून बरे झालेलेच नव्हे, तर अपंग, मूकबधिर असे इतरही लोक काम करतात, तेव्हा माझी अमुक सतरंजी कोणी विणली हे मला सांगता येणार नाही.

बारा सतरंज्या टेम्पोतून घरी आल्या तेव्हा आबा ओसरीवर होते. वय ८६, डोळ्यांनी कमी दिसायचं. पोरांनी एक उतरवून त्यांच्यासमोर ठेवली. आबांनी सवयीनं काठावरून बोटं फिरवली, दशांच्या गाठी मोजल्या, बाणा सरकवून पाहिला. मग अंगठा ओला केला. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. बराच वेळ बघून म्हणाले, 'हातमागाची आहे. वीण चांगली आहे. कुठून आणली?'

मी सांगितलं. त्यांनी हात बाजूला घेतला नाही. मला वाटतं घेणार होते, पण तोपर्यंत माल पसंत करून बसले होते आणि पसंत केलेला माल नाकारायची त्यांची रीत नव्हती. बऱ्याच वेळानं विचारलं, 'भाव काय पडला?' मी सांगितला. 'बरोबर आहे,' म्हणाले. एवढंच. दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या तेरवीला अंगणात याच सतरंज्या होत्या.

सगळीकडे असं झालं नाही. २०१३ मध्ये एका लग्नात मुलाकडचे एक वयस्क पाहुणे बसले होते. आमच्याच पोरानं कौतुकानं सांगितलं की या आनंदवनच्या आहेत. पाहुणे उठून उभे राहिले, धोतर झटकलं आणि खुर्ची मागितली. त्यांच्याबरोबर आणखी तिघं उठले. मी काही म्हटलं नाही, खुर्च्या दिल्या. आज तसं झालं तर मी शांतपणे बसून समजावून सांगेन, कारण आता सांगता येतं. हा रोग कापडाला चिकटून येत नाही. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते. ऐंशीच्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला आहे, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरायचा थांबतो. चट्टा दिसला, तिथं बधिर वाटलं, तर लवकर जावं, बोटं वाचतात. पण माणसाला कळायला कागदाहून जास्त वेळ लागतो, आणि आपल्याकडे कागदालाही कमी वेळ लागला नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाहाच्या कायद्यांत २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. मी लग्नाचे मंडप बांधतो. ज्या कायद्यानं ही लग्नं लागत होती त्याच्यात हे वाक्य होतं, हे कळलं तेव्हा मला फार लागलं.

माझ्या स्वतःच्या धंद्यात या सतरंज्यांनी जे बदललं ते सांगून थांबतो. आमच्याकडे वडिलांपासून पद्धत होती, गरिबाची तेरवी असेल तर बिछायतीचं भाडं सोडून द्यायचं. मला त्याचा अभिमान होता. काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या एका बाईंचा नवरा गेला. पदरी एक मुलगा, शेत गहाण. मी सतरंज्या, भांडी पाठवली आणि पैसे घेऊ नका असं पोरांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई मुलाला घेऊन गोदामाशी हजर. मी म्हटलं, 'काय ताई, काही राहिलं का?' त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, 'भाऊ, पैसे काहून सोडले? आमी भीक मांगाले आलतो का?' माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या पुढं म्हणाल्या, 'मायाजवळ पैसे नाहीत. सतरंज्या दाखवा, धुऊन देतो.'

त्या दिवशी माय-लेकरांनी आनंदवनच्या चार सतरंज्या धुतल्या. मी मदतीला जायला लागलो तर बाईंनी हातानंच थांबवलं. सतरंजी हौदाशेजारी पसरून तिच्यावर रिठ्याचं पाणी ओतायचं, पायानं तुडवायची, एक टोक मुलानं, एक आईनं धरून पीळ द्यायचा. पीळ देताना बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. तर्रीचा एक जुना डाग होता, तो त्यांनी निघेपर्यंत सोडला नाही. मी एवढी वर्षं आनंदवनच्या मालाचे पुरे पैसे मोजल्याचं सगळ्यांना सांगत होतो, आणि माझ्याच दारातल्या बाईला फुकट देऊन मोकळा झालो होतो.

तेव्हापासून आमच्याकडे फुकट नाही. ज्याला जमत नाही त्यानं कधीही एक दिवस यावं, धुवावं, शिवावं, मंडपाला हात लावावा, आणि वहीत त्याच्या नावापुढं 'जमा' लिहायचं. किती लोक आले त्याचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण एक फरक मला दिसतो. आधी ज्यांचं भाडं सोडलं ते लोक रस्त्यात दिसले की नजर चुकवायचे. आता थांबतात, चहा घ्यायला बोलावतात, एखादा तर म्हणतो, 'तुमची ती कनात मी शिवली व्हती, टिकली का?' ही वही मला कोणी शिकवली असं विचारलं तर ती बाई, आणि तिच्या आधी ते मजुरीचा हिशेब सांगणारे गृहस्थ. बाबांचं नाव मी तिथं सहसा घेत नाही, ते फार मोठं आहे आणि माझी वही लहान आहे.

घ्यायचीच असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आनंदवन वरोऱ्याला लागूनच आहे. आमच्याकडून नंदोरी रोडनं जातात, नागपूरहून येणाऱ्यांना चंद्रपूरचा रस्ता. फोटो पाहून मागवण्यापेक्षा जाऊन हातानं पाहून घ्या. वेळ काढून जा, माग बघा, विणणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोला. त्यांचे फोटो काढत सुटू नका. मालात काही खटकलं तर तिथंच स्पष्ट सांगा. पहिली दोन धुणी साध्या गार पाण्यात करा, ब्लिचिंगला हात लावू नका. दोन्ही बाजूंना ऊन दाखवल्याशिवाय घडी घालू नका. घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा, आणि गोदामात ठेवणार असाल तर फळीवर, जमिनीवर कधीच नाही.

दिवाळीनंतर लग्नसराई लागायच्या आत मला आणखी आठ आणायच्या आहेत. त्या बाईंचा मुलगा आता आमचा टेम्पो चालवतो, तोच सोबत येणार आहे. अंगठा ओला करून तांबडा पट्टा कसा घासायचा ते त्याला दाखवून ठेवलं आहे. या वेळी पसंती त्याची.